उताराचा जमाखर्च

देशावरून कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा सह्याद्रीत पुष्कळ आहेत. परंतु मुंबई बंदराचा माल ज्या वाटेने पुण्याकडे चढला आणि देशावरचा शेतमाल ज्या वाटेने बंदराकडे उतरला, त्या बोरघाटाइतकी राबणूक फार थोड्या घाटांच्या वाट्याला आली असेल. या घाटाचा इतिहास आजवर बहुधा चढणीचा इतिहास म्हणून लिहिला गेला. किती डोंगर फोडला, किती बोगदे खणले, किती बळाचे इंजिन लावले, याचे वर्णन प्रत्येक लेखकाने हौसेने केले. उताराचा इतिहास मात्र कोणी स्वतंत्रपणे मांडलेला दिसत नाही. चढताना खर्ची पडलेली शक्ती उतरताना जाते कोठे, ती परत मिळवता येते काय, आणि ती मिळणे वा न मिळणे हे वाहन हाकणाऱ्याच्या हातावर कितपत अवलंबून असते, हे प्रश्न विजेवर चालणारे मालट्रक घाटात येऊ लागल्यामुळे आज नव्याने उभे राहिले आहेत. पण हे प्रश्न घाटाला नवे नाहीत, हे दाखवण्यासाठी हा लेखनप्रपंच.

कार्ले आणि भाजे येथील लेणी या वाटेच्या माथ्याशीच कोरली गेली, आणि कार्ल्याच्या शिलालेखांतून धेनुकाकट येथील यवन दात्यांचे उल्लेख आहेत, यावरून दोन हजार वर्षांपूर्वीही व्यापाऱ्यांचा राबता येथे होता हे उघड आहे. पुढे शतकानुशतके माल वाहिला तो बैलाच्या पाठीने. पाठीवर गोण लादलेला बैल घाट चढतो तसाच पावले जपून उतरतोही. त्याला घाई करता येत नाही आणि त्याच्या धन्यालाही करवता येत नाही. चाकाची गाडी आली तेव्हा प्रकरण बदलले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत, १८३० च्या नोव्हेंबरात, बोरघाटाचा गाडीरस्ता वाहतुकीस खुला झाला आणि तेव्हापासून उतार हा गाडीवानाच्या जिवाशी निगडित असा विषय झाला. लादलेली गाडी उतारावर बैलांच्या अंगावर येऊ लागली की चाकाला लाकूड दाबून धरावे लागे, चाक करकरत, घासत, तापत खाली येई, आणि चढताना बैलांनी ओतलेला सारा घाम त्या लाकडाच्या घर्षणात जळून जाई. ही वाट इंग्रजांना शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली आणि त्यापायी त्याला प्राणास मुकावे लागले, अशी कथा या भागात सांगतात. जुन्या रस्त्यावरील त्याच्या देवळापाशी गाडीचा वेग कमी करून नाणे वाहण्याचा प्रघात चालक आजही पाळतात. उताराचे भय लोकांच्या मनात किती खोल रुजले आहे, याची ही साक्ष होय.

१८५६ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने येथे लोहमार्गाचे काम आरंभले. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी आखलेला हा मार्ग पावणेसोळा मैलांत १८३१ फूट चढतो आणि त्याची सर्वांत तीव्र चढण ३७ फुटांस एक फूट अशी आहे. २५ बोगदे, आठ मोठे सेतू, आणि ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर, असा हा कारखाना होता. पटकीने आणि अपघाताने त्यांतील हजारो माणसे याच डोंगरात मातीआड झाली, आणि त्यांच्या नावाची यादी कोणत्याही दप्तरात नाही. मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येताच मरण पावला तेव्हा त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने, मक्ता पुढे चालवून तडीस नेला, ही गोष्ट मात्र इतिहासाने नोंदवली. १८६३ च्या मे महिन्यात मार्ग खुला झाला.

चढणीसाठी रेल्वेने बळ लावले. उतारासाठी तिने नियम लावले, आणि माझ्या मते या मार्गाचे खरे शहाणपण त्या नियमांत आहे. खंडाळ्याजवळ गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडून, उलट दिशेने पुढे नेण्याचे एक स्थानक होते. ते १९२९ साली नव्या आखणीमुळे बंद झाले. त्याखेरीज उताराच्या वाटेवर ठिकठिकाणी मुख्य मार्गातून फुटून वर डोंगरात चढणारे रूळ टाकलेले आहेत. सांधा एरवी या चढत्या फाट्याकडेच वळवलेला असतो. उतरणारी गाडी तेथे पूर्ण थांबली, ती ताब्यात आहे अशी खात्री पटली, की मगच सांधा मुख्य मार्गाकडे फिरवून तिला पुढे सोडतात. जी गाडी थांबू शकली नाही ती आपोआप फाट्यावर चढते आणि चढणीवर तिचा वेग जिरतो. चालक कितीही अनुभवी असो, घाईत असो वा निवांत असो, उतारावरचा वेग ही त्याच्या मर्जीची बाब नाही, हा दंडक रेल्वेने पहिल्यापासून घालून दिला. परंतु सुरक्षिततेचा हा बंदोबस्त उत्कृष्ट असला तरी शक्तीच्या दृष्टीने तो निव्वळ खर्चाचाच होता. कोळसा जाळून १८३१ फूट वर नेलेला भार खाली आणताना लोखंडी ब्रेकच्या ठोकळ्यांवर घासून घासून उष्णतेच्या रूपाने हवेत सोडून द्यावयाचा, यापलीकडे वाफेच्या इंजिनापाशी उपाय नव्हता.

उताराची शक्ती जमेस धरण्याचा पहिला मोठा प्रयत्न याच डोंगरावर झाला, पण तो पाण्याच्या द्वारे. जमशेटजी टाटांच्या मनात घोळलेली आणि त्यांच्या पश्चात दोराबजींनी पुरी केलेली जलविद्युत योजना १९१५ साली खोपोली येथे सुरू झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील जलाशयांचे पाणी नळांतून घाटाखाली सोडावयाचे आणि त्याच्या वेगावर चक्रे फिरवून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवावयाची, अशी ही तजवीज होती. याच मालिकेतील पुढच्या योजनेसाठी मुळशी खोऱ्यातील गावे पाण्याखाली जाण्याचा प्रसंग आला तेव्हा सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून सत्याग्रह झाला. त्या शेतकऱ्यांनी दिलेल्या किमतीचे विस्मरण, विजेचा गौरव करताना, होऊ नये. मात्र उंचीवर असलेली वस्तू ही साठवलेली शक्ती आहे, आणि ती शिस्तीने खाली आणली तर कामास लावता येते, हे तत्त्व खोपोलीच्या वीजघराने या भागातल्या जनतेसमोर मूर्तिमंत उभे केले.

रेल्वेने तोच पाठ दुसऱ्या रीतीने गिरवला. मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली आणि १९२९ च्या नोव्हेंबरात विजेच्या तारा घाट चढून पुण्यास पोचल्या. पुढच्याच वर्षी, १ जून १९३० रोजी, डेक्कन क्वीन सुरू झाली आणि सर्व कौतुक तिच्या वाट्याला गेले. पण घाटाच्या इतिहासात अधिक महत्त्वाचे काम केले ते १९२८ पासून आलेल्या मालगाडीच्या इंजिनांनी. स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे आणि इंग्लंडमधील व्हल्कन कारखान्यात बांधलेली ही ४१ इंजिने, पुढे-मागे लांब नाकाडे आणि मध्ये चालकाची खोली, चाकांना जोडणाऱ्या दांड्या खालीवर हलवीत चालत. रेल्वेतील माणसे त्यांना ‘खेकडा’ म्हणत. चढताना तारेतून वीज घ्यावी आणि उतरताना त्याच मोटारींना जनित्र बनवून वीज तारेत परत सोडावी, अशी योजना या इंजिनांत होती. मोटारींना चाके फिरवीत असताना जो विरोध उत्पन्न होतो तोच गाडीला रोखून धरतो. ब्रेकचे ठोकळे झिजत नाहीत, तापत नाहीत, आणि गाडी ठरावीक वेगाने उतरत राहते.

यातील मर्म असे की परत आलेली वीज कोणीतरी घ्यावी लागते. त्या काळच्या एकदिश प्रवाहाच्या पद्धतीत उतरणाऱ्या गाडीने दिलेली वीज खर्ची पडावयाची ती मुख्यतः त्याच भागात चढत असलेल्या दुसऱ्या गाडीत. कर्जतला मागून जादा इंजिने लावून, प्रवाशांना वडा खाण्यापुरती उसंत देऊन, जी गाडी लोणावळ्याकडे निघे, तिला ओढणाऱ्या विजेचा काही हिस्सा समोरून उतरणाऱ्या मालगाडीचा असे. घेणारा कोणी नसला तर तारेतील दाब वाढे, विजेचा रोध सुटे आणि चालकाला हवेच्या ब्रेकचा आश्रय करावा लागे. म्हणजे जमेची रक्कम ठरत असे ती एकट्या यंत्राने नव्हे. गाड्यांच्या वेळापत्रकाने, आणि उताराच्या आरंभीच वेग ताब्यात घेऊन रोध हळूहळू वाढवीत नेणाऱ्या चालकाच्या हाताने. भरधाव सुटलेल्या गाडीला मागाहून आवरू पाहणाऱ्याला पोलादावर पोलाद घासूनच ती थांबवावी लागे आणि तारेत काही जमा होत नसे.

या काळाच्या थोडे आधी अमेरिकेत विजेच्या मालगाड्या रस्त्यावर धावत होत्या, त्यांचाही दाखला येथे देणे उचित होईल. १९०० ते १९२० या दोन दशकांत न्यूयॉर्क, शिकागो यांसारख्या शहरांतील दुकानदार, पावभट्टीवाले आणि मद्याचे कारखानदार अशा गाड्या वापरीत. पाच टन भाराची गाडी ताशी सात-आठ मैलांच्या आसपासच चालावी अशी तिची घडण निर्मात्याने मुद्दाम केलेली असे. शिशाच्या बॅटरीतून वीज जितकी घाईने ओढावी तितकी ती एकूण कमी हाती लागते, हा नियम विल्हेल्म पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली मांडला होता, आणि तो ठाऊक असलेल्या कारखानदारांनी घाईचा मार्गच चालकापुढून काढून टाकला. हार्टफर्ड शहराच्या वीज कंपनीने तर गाडीवाल्याला बॅटरी विकण्याऐवजी भरलेली बॅटरी बदलून देण्याची आणि धावेच्या हिशेबाने आकार घेण्याची सेवा चालवली. पुढे पेट्रोल स्वस्त झाले, रस्ते लांबले, व्यापाऱ्यांना वेगाची चटक लागली आणि या संथ गाड्या मागे पडल्या. त्यांच्याबरोबर एक शिस्तही लोपली, असे मला वाटते. गाडी किती दूर जाईल हे ती किती वेगाने जाईल यावर ठरते, ही जाणीव पेट्रोलच्या आणि डिझेलच्या युगात जवळजवळ पुसली गेली, कारण टाकी रिकामी झाली की पंप जवळच असे.

आता घाटरस्त्याकडे वळू. डिझेल ट्रकाच्या अमलात उताराविषयी एक अत्यंत घातक रूढी आपल्याकडे पडली. मालक चालकाला खेपेमागे ठरावीक डिझेल देतो किंवा त्याचे पैसे देतो. त्यातून वाचेल ते चालकाचे, असा पुष्कळ ठिकाणी करार असतो, आणि पगार तुटपुंजा असल्यामुळे ही बचत त्याच्या संसाराचा आधार होऊन बसते. मग उतार लागला की गिअर काढून ट्रक न्यूट्रलमध्ये सोडावयाचा, कोणी तर इंजिनच बंद करावयाचे, आणि वजनाच्या जोरावर गाडी धावू द्यावयाची. इंजिन बंद होताच ब्रेकला हवा पुरवणारा पंप थांबतो, चार-सहा वेळा ब्रेक दाबला की हवेचा साठा उतरतो, स्टिअरिंग जड होते, आणि सारा भार लायनरवर येतो. घाटाच्या पायथ्याशी उभे राहिले असता लायनरचा जो जळका वास नाकात भरतो तो या रूढीचा वास आहे. पुण्याजवळ कात्रजकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर घडलेल्या भीषण अपघातांच्या मुळाशी हीच सवय असल्याचे वारंवार आढळले. आणि ज्या बचतीसाठी हे सारे, ती बचत तरी खरी आहे काय? आजच्या डिझेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असून पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचललेला असला तर उतारावर इंधन पूर्णपणे तोडले जाते. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन फिरते ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहते. जिवावर उदार होऊन केलेला हा व्यवहार तोट्याचाच असतो, हे त्या चालकाला कोणी समजावून सांगितलेले नसते.

अशा या रस्त्यावर विजेचा मालट्रक आला आहे. न्हावाशेव्याच्या बंदरात आणि चाकणच्या कारखानदारीच्या परिसरात तो दिसू लागला आहे, आणि २०२५ साली केंद्र सरकारने अशा ट्रकांसाठी प्रथमच, ट्रकामागे कमाल ९ लाख ६० हजार रुपयांपर्यंत, प्रोत्साहनपर अनुदान जाहीर केले. त्याचा घाटातील हिशेब स्थूलमानाने मांडून पाहावा. ४० टनांचा भरलेला ट्रक खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत सुमारे साडेपाचशे मीटर वर चढवण्यास, इतर सर्व विरोध बाजूला ठेवले तरी, ६० युनिट वीज लागते. हा खर्च कोणत्याही वेगाने चढले तरी चुकत नाही. मात्र तोच ट्रक भार घेऊन पुण्याकडून खाली येऊ लागला की ती उंची त्याच्या खात्यावर जमा असते, आणि मोटारींनी ती नीट परत घेतली तर निम्म्याहून बरीच अधिक वीज बॅटरीत येऊ शकते.

ही रक्कम वसूल होण्याच्या अटी मात्र जुन्याच आहेत. वीस मीटरला एक मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने येणाऱ्या या ट्रकाला रोखण्यासाठी मोटारींना सुमारे २७० किलोवॅट शक्ती शोषावी लागते; वेग ३० वर आणला तर १४० किलोवॅट पुरे होते. मोटार आणि बॅटरी यांनी एका क्षणी किती घ्यावे याला मर्यादा आहे, आणि त्या मर्यादेपलीकडचे सारे पुन्हा लायनरवरच जळते. त्याचप्रमाणे लोणावळ्यास बॅटरी काठोकाठ भरून उताराला लागणाऱ्या ट्रकात परत येणाऱ्या विजेला जागाच उरत नाही. समोरून चढणारी गाडी नसली की खेकड्याची जी अवस्था होई तीच येथे होते. उतारापूर्वी बॅटरीत जागा राखणे, माथ्यावरच वेग कमी करणे, आणि ब्रेकच्या पेडलावर उशिरा जोरात पाय देण्यापेक्षा लवकर व हलका देणे, या तीन गोष्टी चालकाच्या हातातल्या आहेत.

सपाट रस्त्यावरही वेगाचा दंड चुकत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० वरून ८० वर जाताना तो सुमारे पावणेदोनपट होतो. भरलेल्या ट्रकाच्या बाबतीत चाकांचा विरोध मोठा असल्यामुळे एकंदर खर्च तितका वाढत नाही, तरी पाचव्या हिश्श्याने सहज वाढतो, आणि एका चार्जिंगला अडीचशे किलोमीटर जाणारा ट्रक दोनशेच्या आसपास येऊन थांबतो. शिवाय ४० टनांच्या ट्रकाला शून्यापासून ताशी ६० पर्यंत नेण्यास दीड युनिट आणि ८० पर्यंत नेण्यास पावणेतीन युनिट वीज खर्च होते. पुढच्या गाडीच्या अंगावर जाऊन करकचून ब्रेक लावणारा चालक यातील बराच भाग दर वेळी गमावतो; दूरवर नजर ठेवून पाय आधीच उचलणारा चालक तो बहुतांशी परत मिळवतो. एकच ट्रक, एकच भार, एकच रस्ता असूनही दोन चालकांच्या धावेत जे अंतर पडते, ते या बारीकसारीक गोष्टींच्या बेरजेने पडते.

मग हे सारे चालकाच्याच माथी मारावे काय? मला ते न्याय्य वाटत नाही. रेल्वेने उतारावरचा वेग संस्थेच्या अखत्यारीत ठेवला आणि त्यासाठी लागणारा वेळ वेळापत्रकात मंजूर केला. अमेरिकेतील जुन्या कारखानदारांनी तो यंत्राच्या घडणीतच बांधून दिला. रस्त्यावरच्या मालवाहतुकीत मात्र आपण वेळेचा तगादा चालकावर लावला, इंधनाची बचतही त्याच्यावरच सोपवली, आणि या दोन परस्परविरोधी मागण्यांच्या कात्रीत सापडून तो जे करतो त्याला बेफिकिरी असे नाव दिले. विजेचा ट्रक विकत घेऊन ही रीत जशीच्या तशी ठेवली, तर बॅटरीचा आकार कितीही वाढवला तरी धाव पुरणार नाही, आणि दोष यंत्राला दिला जाईल.

म्हणून वाहतूकदार मालकांना माझी विनंती आहे ती एवढीच: बोरघाट उतरण्यास लागणारा जादा वेळ खेपेच्या मुदतीत धरा, चालकाला हाती घेऊन उतारावर मोटारीचा रोध कसा वापरावा हे शिकवा, आणि उतारावर परत आलेल्या प्रत्येक युनिटात त्याचा वाटा पगाराबरोबर रोख द्या. ट्रकावरील मीटर ती युनिटे नोंदवतोच. तो आकडा चालकाच्या हिशेबाच्या वहीत उतरवण्यास आजपासून प्रारंभ करावा.